विमान दुपारी का लोळतं? पायलटच्या ग्राउंडचे विषय, सांबऱ्याच्या कुंपणाशी बसून

मुतग्याला माझ्या मामाचं शेत आहे. सांबऱ्याची, म्हणजे बेळगावच्या विमानतळाची, धावपट्टी तिथून फार लांब नाही. शिकाऊ विमानं दिवसभर डोक्यावर घिरट्या घालत असतात, त्यामुळे मामाला विमानाचं अप्रूप राहिलेलं नाही. नजर मात्र बारीक आहे. एका एप्रिलात मी बांधावर पुस्तक उघडून बसलो होतो, तेव्हा तो शेजारी येऊन टेकला.

"काय करूलास गा?"

म्हटलं, पेपर आलेत, वाचूलोय.

"मग एक सांग मला. सकाळच्याला हीच इमानं माझ्या नारळाच्या लई वरनं जातात. दुपारी ऊन तापलं की नारळाला घासतात काय असं वाटतंय. जेवून बसतात काय ती?"

गंमत अशी, की मांडीवरच्या पुस्तकात नेमका हाच धडा उघडा होता. 'डेन्सिटी अल्टिट्यूड'ची व्याख्या मला तोंडपाठ होती. मामाला काही ती सांगता आली नाही. "हवा विरळ होते" एवढं पुटपुटलो, आणि तो "व्हय व्हय" म्हणून पाणी पाजायला निघून गेला. पायलटच्या परवान्याचे पेपर देणाऱ्या पोरांची अडचण काय असते, हे मला त्या दिवशी कळलं. विषय अवघड नाहीत. ते कुठल्या तरी परक्या आकाशाबद्दल आहेत असं समजून आपण वाचतो, म्हणून ते अवघड होतात.

आधी हे 'ग्राउंड' म्हणजे काय ते थोडक्यात. विमान चालवून पगार घ्यायचा तर कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल, लागतं. त्यासाठी वयाची १८ वर्षं पूर्ण हवीत, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं, डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याच्या, नियमांप्रमाणे वैद्यकीय तपासणी पास हवी, २०० तासांचं उड्डाण हवं आणि जमिनीवर बसून द्यायचे पेपर सुटलेले हवेत. या पेपरांची तयारी म्हणजे ग्राउंड स्कूल. विषय असे: एअर नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन, टेक्निकल जनरल आणि ज्या विमानावर शिकता त्याचा टेक्निकल स्पेसिफिक. पोरांच्या तोंडी नॅव्ह, मेट, रेग्ज, टेक. शिवाय रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा, तो आरटीआर. पेपर इंग्रजीत, पर्यायी उत्तरांचे, आणि पास व्हायला १०० पैकी ७० लागतात. बारावीला पस्तिसावर सुटलेल्यांनी हा आकडा दोनदा वाचावा.

आता मामाचा प्रश्न.

विमानाची सगळी पुस्तकं एक 'आदर्श' हवा गृहीत धरतात. समुद्रसपाटीला तापमान १५ अंश, दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल, आणि वर जाल तसं दर हजार फुटांना तापमान साधारण २ अंशांनी कमी. सांबऱ्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून २,४८७ फुटांवर. म्हणजे पुस्तकाच्या हिशेबाने तिथे १५ वजा ५, जेमतेम १० अंश असायला हवेत. डिसेंबरातल्या पहाटेही आपल्याकडे १० अंश रोज मिळत नाहीत, आणि एप्रिलच्या दुपारी पारा ३७ ला टेकलेला असतो. फरक २७ अंशांचा. एकेका अंशाला सुमारे १२० फूट असा ढोबळ हिशेब वैमानिक धरतात. २७ गुणिले १२० म्हणजे ३,२४०. त्यात धावपट्टीची उंची मिळवा, आकडा ५,७०० फुटांच्या पुढे जातो.

थोडक्यात, विमान उभं आहे सांबऱ्यात, पण त्याच्या पंखांना आणि इंजिनाला वाटतंय आपण पावणेसहा हजार फुटांच्या डोंगरावर आहोत. डेन्सिटी अल्टिट्यूड ती हीच, विमानाला 'वाटणारी' उंची. तापलेली हवा पसरते, तेवढ्याच जागेत तिचे कण कमी मावतात. त्याचा फटका तीन ठिकाणी बसतो. पंखाला उचलायला हवा कमी. पंख्याला, म्हणजे प्रोपेलरला, चावायला हवा कमी. भुसभुशीत लाकडात स्क्रू फिरवल्यासारखं. आणि इंजिनाला ओढायला हवा कमी. हजार फुटांना सुमारे ३ टक्के ताकद जाते असं धरलं, तर ११० अश्वशक्तीचं सेस्ना १५२ त्या दुपारी नव्वदीवर आलेलं असतं. उठायला धावपट्टी दीडपट लागते, आणि उठल्यावर चढताना दम लागतो. नारळ तेवढाच उंच असतो, विमान खालून जातं.

याच हिशेबात एक खोच आहे आणि परीक्षेत ती हमखास विचारतात. वेगाचा काटा ६० नॉट, म्हणजे ताशी ६० नॉटिकल मैल, दाखवत असला, तरी विरळ हवेत खरा वेग जास्त असतो, हजार फुटांना साधारण २ टक्क्यांनी. पावणेसहा हजारांना तो ६७ च्या आसपास जातो. उतरताना काटा नेहमीचाच, चाकाखालची जमीन मात्र जास्त वेगाने पळते. नवशिका पोरगा काट्याकडे न बघता जमिनीकडे बघून 'वेग जास्त झाला' म्हणत तो कमी करतो, आणि तिथेच घात होतो.

संध्याकाळी सहाला पारा २८ वर आला की हीच बेरीज पुन्हा करा. १८ अंशांचा फरक, २,१६० फूट, एकूण साडेचार हजारांच्या थोडं वर. तीन तासांत विमान हजार फूट 'खाली' आलं. सांबऱ्याचे आकडे घालून मी ही गणितं वहीत एका आठवड्यात शंभरदा केली असतील. त्यानंतर टेक जनरलच्या पेपरात या धड्यावर माझा एकही गुण गेला नाही.

उंचीचा विषय निघालाच आहे, तर अल्टिमीटर. उंची दाखवणारं हे घड्याळ खरं तर दाब मोजतं. वर जाल तसा दाब कमी होतो, दर एक हेक्टोपास्कलला साधारण ३० फूट, एवढंच त्याला ठाऊक. पण खालचा दाबही रोज बदलतो. म्हणून टॉवर त्या दिवशीचा आकडा सांगतो, त्याला क्यूएनएच म्हणायचं. तो बसवला की सांबऱ्याच्या धावपट्टीवर उभ्या विमानाचा काटा २,४९० च्या जवळपास दिसायला हवा. आता समजा खरा आकडा १००३ आहे आणि कुणी १०१३ तसाच ठेवला. १० चा फरक, ३०० फुटांची चूक. काटा जास्त दाखवतो, विमान प्रत्यक्षात तेवढं खाली असतं. स्वच्छ उन्हात हे चालून जाईल. चोर्ला घाटावर ढगात असताना ३०० फूट ही फार मोठी रक्कम आहे.

मेटच्या पुस्तकात 'ओरोग्राफिक रेन' असा धडा आहे, अडवलेल्या पावसाचा. त्यात परदेशातल्या डोंगरांची चित्रं असतात. मी म्हणतो, आपल्या जिल्ह्याचा पिकांचा नकाशा काढा, धडा तिथेच संपतो. अरबी समुद्रावरून आलेलं ओलं वारं कोकणातून सह्याद्रीला थडकतं. पुढे वाट नाही म्हणून वर चढतं. चढताना हजार फुटांना ३ अंशांनी गार होतं. वाफेचं पाणी व्हायला लागलं, म्हणजे ढग धरला, की गार होण्याचा वेग निम्म्यावर येतो, कारण वाफ पाणी होताना आपली उष्णता सोडते. कणकुंबी, आंबोलीला हे वारं जवळजवळ सगळं रितं होतं. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तिथून सत्तरेक किलोमीटरवर बेळगावात तेराशेच्या आसपास. आणखी पूर्वेला अथणीकडे गेलात तर पाच-सहाशे. घाट उतरणारं वारं आता कोरडं झालेलं असतं, ते उतरताना पूर्ण ३ अंशांनी तापतं. खानापूरकडे भात, बेळगावभोवती बासमती, अथणीकडे ज्वारी, हा सगळा त्याच तीन आणि दीडच्या गणिताचा खेळ. पुस्तकात याला 'रेन शॅडो' म्हणतात, पावसाची सावली. आपल्या आज्ज्यांना तो शब्द माहीत नव्हता, पण कुठल्या गावाला लेक दिली की भात खाईल आणि कुठे दिली की भाकरी, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता मेटची ती भयंकर दिसणारी ओळ. तिला मेटार म्हणतात, विमानतळाचा हवामानाचा अहवाल. पहिल्यांदा पाहिलं की तारखाता चुकल्यासारखी अक्षरं दिसतात. सांबऱ्याचं चार अक्षरी नाव व्हीओबीएम. जुलैमधल्या एखाद्या सकाळची ओळ साधारण अशी असेल. ही मी नमुन्यासाठी रचली आहे:

व्हीओबीएम ०५०३३०झेड २६०१४केटी ३००० आरए बीकेएन०१२ २३/२२ क्यू१००८

घाबरायचं नाही. पाच तारीख, ०३३० झेड. झेड म्हणजे यूटीसी, सगळ्या जगाची विमानं ज्या एका घड्याळावर चालतात ते. आपण त्याच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे सकाळचे नऊ. वारा २६० अंशांवरून, १४ नॉट. दृश्यमानता ३,००० मीटर. आरए म्हणजे पाऊस. बीकेएन०१२ म्हणजे आठ भाग आभाळापैकी पाच ते सात भाग ढगांनी भरलेत आणि त्यांचा तळ विमानतळापासून १,२०० फुटांवर आहे. तापमान २३, दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते तापमान, २२. क्यूएनएच १००८.

हे झालं वाचन. आता मजा बघा. सांबऱ्याच्या धावपट्टीला दोन तोंडं आहेत, ०८ आणि २६. हे आकडे दिशेचे. २६ म्हणजे साधारण २६० अंश. वारा नेमका समोरून येतोय, तेव्हा २६ वरून उडायचं. हा नॅव्ह. नजरेच्या भरवशावर उडणाऱ्याला, म्हणजे व्हीएफआरवाल्याला, ५ किलोमीटर दिसायला हवं; इथे तीनच आहे. शिकाऊ पोरानं आज चहा घ्यावा. हा रेग्ज. तापमान आणि दवबिंदूत एकाच अंशाचा फरक आहे, हवा पाण्याने गच्च. अजून थोडी गार झाली की ढग जमिनीला लागेल. हा मेट. आणि अशा २३ अंशांच्या ओल्या हवेत कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागात, बर्फ धरू शकतो. हा टेक.

त्या शेवटच्या वाक्यावर वर्गात सगळे हसले होते. २३ अंशांत बर्फ? पण माठ आठवा. माठाच्या अंगावरचं पाणी उडून जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात पेट्रोलची वाफ होते, शिवाय तिथे दाबही पडलेला असतो. दोन्ही मिळून हवा वीस-पंचवीस अंशांनी गार होऊ शकते. ओली हवा असली की गळ्यात बर्फाचा थर बसतो, आणि इंजिन हळूहळू श्वास कोंडल्यासारखं आवाज टाकतं. म्हणून विमानात 'कार्ब हीट'चा दांडा असतो, गरम हवा आत सोडायला. बेळगावचा श्रावण म्हणजे या धड्याचं प्रात्यक्षिकच.

मेटारच्या एका ओळीत चार पेपर येऊन बसतात. म्हणूनच 'आधी मेट संपवतो, मग नॅव्हला हात लावतो' असं म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं. पेपर वेगळे आहेत, कारण परीक्षा घ्यायला ते सोयीचं पडतं. आकाशात अशी वाटणी नाही.

नॅव्हला सगळे घाबरतात, मीही घाबरलो होतो. त्याचं खरं बीज एकाच चित्रात आहे, आणि ते चित्र कृष्णाकाठच्या कुणालाही नवीन नाही. नदीला पाणी असताना नावाडी पैलतीरावरच्या देवळाकडे नाव नेतो, तेव्हा नावेचं तोंड देवळाकडे नसतं. ते थोडं वरच्या अंगाला, प्रवाहाच्या विरुद्ध असतं. नाव तिरकी चालते आणि देवळालाच लागते. पाण्याच्या जागी वारा घाला. विमानाचं तोंड जिकडे आहे ते हेडिंग, विमान जमिनीवरच्या ज्या रेषेने सरकतं तो ट्रॅक, आणि दोघांतला कोन म्हणजे ड्रिफ्ट. नॅव्हमधली निम्मी गणितं या तिरक्या नावेची आहेत. नावाडी ती डोळ्यांनी करतो, आपण गोल तबकडीच्या कॉम्प्युटरवर करतो, एवढाच फरक.

एक फेरी मारून बघू. सांबऱ्याहून कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ सरळ रेषेत सुमारे ५२ नॉटिकल मैल, दिशा साधारण ३३९ अंश, म्हणजे उत्तरेपासून थोडी पश्चिमेकडे झुकलेली. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. ९० नॉटने वारा नसताना ३५ मिनिटं. उजव्या हाताला दूर हिडकल धरणाचं पाणी, निम्म्या वाटेवर संकेश्वर, पुढे निपाणी जवळजवळ पायाखाली. हायवेने जाताना ही गावं याच क्रमाने येतात, त्यामुळे नकाशा आपल्याला फुकटात पाठ आहे.

आता समजा पश्चिमेचा वारा अंदाजापेक्षा जोरात निघाला. ३० मैल गेल्यावर खालच्या खुणा बघून कळलं, की आपण रेषेच्या २ मैल उजवीकडे ढकलले गेलोय. किती वळायचं? इथे 'साठास एक'चा नियम: ६० मैल जाऊन १ मैल चुकलात तर चूक १ अंशाची. ३० मैलांत २ म्हणजे ६० ला ४, चूक ४ अंशांची. डावीकडे ४ अंश वळलात तर फक्त रेषेला समांतर व्हाल. कोल्हापूर गाठायचं तर उरलेल्या २२ मैलांत ते २ मैल भरून काढायचे: २ गुणिले ६० भागिले २२, साडेपाच अंशांच्या जवळ. एकूण साडेनऊ. झालं. हा साठाचा आकडा आला कुठून? वर्तुळाच्या त्रिज्येएवढा कंस केंद्राशी ५७.३ अंशांचा कोन करतो. कॉकपिटमध्ये ५७.३ ने भागत कोण बसणार, म्हणून ६०. हे 'का' मला कुणी वर्गात सांगितलं नव्हतं. ते समजल्यावर सूत्र पाठ करायची गरजच उरली नाही.

वेळेचा धडाही घरचाच आहे. भारताचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं. बेळगाव साडेचौऱ्याहत्तरच्या आसपास, म्हणजे ८ अंश पश्चिमेला. सूर्याला एक अंश सरकायला ४ मिनिटं लागतात. ८ चोक ३२. म्हणून आपल्याकडे घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्य माथ्यावर नसतो, तो साधारण साडेबाराला येतो. 'लोकल मीन टाइम'ची सगळी गणितं या ३२ मिनिटांची भावंडं आहेत.

तरीही मी नॅव्हला पहिल्या खेपेला नापास झालो. ६६. कारण सांगतो, लाज कसली. ज्या क्लासला मी जात होतो, तिथे मागच्या पेपरांतल्या प्रश्नांचा एक जाडजूड संग्रह होता, आणि शिकवणं म्हणजे तो संग्रह वाचून दाखवणं. मी दोन महिन्यांत तो घोटला. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेकडे नाही, चुंबकीय उत्तरेकडे बघते. त्या दोन उत्तर दिशांतला फरक म्हणजे व्हेरिएशन. ते पश्चिम असेल तर खऱ्या दिशेत मिळवायचं, पूर्व असेल तर वजा करायचं. आपल्या भागात ते अगदी किरकोळ, अंशभराच्या आसपास. संग्रहातल्या एका प्रश्नात व्हेरिएशन पश्चिम होतं आणि उत्तर 'ब'. पेपरात तोच प्रश्न आला, तेच आकडे, मी हसत 'ब' दाबला. बाहेर आल्यावर मित्र म्हणाला, "अरे, त्यात पूर्व होतं की." असे दोन-तीन प्रश्न गेले आणि ७० ची वेस चुकली. संग्रह टाकून द्या असं मी म्हणणार नाही, शेवटच्या पंधरा दिवसांत तो उपयोगी पडतो. पण तो लोणचं आहे. नुसतं लोणचं खाऊन कुणी जेवलं नाही.

टेकबद्दल उद्यमबागच्या, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या भागातल्या, पोरांना मी काय सांगणार. ज्याने घरात लेथ आणि फाउंड्रीच्या गोष्टी ऐकल्यात, त्याला पिस्टन इंजिन शिकवावं लागत नाही. एकच गोष्ट नवी वाटते, मॅग्नेटो. जुन्या मोपेडला बॅटरी नसताना ठिणगी पडायची ती याच जातीच्या यंत्रातून. विमानात असे दोन मॅग्नेटो आणि प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात, म्हणून हवेत बॅटरी मेली तरी इंजिन बंद पडत नाही. आणि एक गैरसमज काढून टाका: 'स्टॉल' म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे. पंख समोरच्या वाऱ्याला फार उभा धरला, साधारण १५-१६ अंशांपलीकडे, की वरून वाहणारी हवा पंखाला सोडून देते आणि उचल कोसळते. इंजिन तेव्हा छान गुरगुरत असतं. दुरुस्ती एकच, नाक खाली करा. आणि जमीन जवळ दिसत असताना हाताला नेमकं हेच नको असतं.

रेग्ज पाठांतराचा विषय आहे, त्यावर फार शब्द खर्चायला नकोत. समोरासमोर दोन विमानं आली तर दोघांनी आपापल्या उजवीकडे वळायचं. रस्त्यावर डावी बाजू धरणाऱ्या आपल्याला हे उलट वाटतं, एवढं लक्षात ठेवा. उंचीची वाटणी सम-विषमाची: चुंबकीय ट्रॅक ० ते १७९ अंश असेल तर विषम हजार, १८० ते ३५९ असेल तर सम हजार, व्हीएफआरला वर ५००. म्हणून कोल्हापूरला जाताना ४,५०० किंवा ६,५००, येताना ५,५००. जाणारा आणि येणारा एका पातळीवर येतच नाहीत.

ही वाटणी नुसती कागदावरची नाही. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन मोठी विमानं आदळली, ३४९ माणसं गेली, एकही वाचला नाही. सौदी विमान १४,००० फुटांवर होतं. कझाकस्तानच्या विमानाला १५,००० वर थांबायला सांगितलं होतं, ते खाली आलं. कझाक विमानात टॉवरशी बोलणारा रेडिओचा माणूस वेगळा होता, चालवणारे वेगळे, आणि त्यांचं इंग्रजी बेताचं. कानात पडलेला आकडा हातापर्यंत पोचेपर्यंत काय होतं, याचं याहून वाईट उदाहरण नाही.

म्हणून आरटीआर हलक्यात घेऊ नका. टॉवर जे सांगेल ते परत म्हणून दाखवायचं, 'रीडबॅक'. आकडे ठरलेल्या उच्चारात: तीन म्हणजे 'ट्री', पाच म्हणजे 'फाइफ', नऊ म्हणजे 'नाइनर'. सुरुवातीला नाटकी वाटतं. पण आपल्या पोरांनी इंग्रजीची उगाच धास्ती घेऊ नये. घरात मराठी, बाजारात कन्नड, बँकेत हिंदी, अशी भाषा बदलत जगणारी माणसं आपण. गणपत गल्लीत भाजी घेताना एका वाक्यात दोन भाषा येतात. रेडिओवरचं इंग्रजी म्हणजे मोजकी शे-दोनशे वाक्यं. मराठी शाळेतनं आलोय म्हणून जीभ अडखळते हे मीही म्हणत होतो. आरशासमोर महिनाभर 'नाइनर नाइनर' केल्यावर घरच्यांची करमणूक झाली आणि जीभ सुटली.

कुणी विचारलं की सुरुवात कुठून करू, तर मी म्हणतो डॉक्टरपासून. या शिक्षणाचा खर्च अर्ध्या कोटीच्या घरात जातो, लोक जमीन गहाण टाकतात; आणि क्लास वनच्या तपासणीत एखादी गोष्ट निघाली तर सगळं तिथेच थांबतं. तपासणी झाल्यावर पुस्तकं. जमलं तर निदान मेट आणि रेग्ज उड्डाण सुरू करण्याआधी सोडवून टाका. हवेतल्या तासाला मीटर चालू असतो, तिथे बसून व्हीएफआरचे नियम शिकणं परवडत नाही.

मामाकडे परत मे महिन्यात गेलो, तेव्हा डेन्सिटी अल्टिट्यूडची बेरीज मातीत काठीने काढून दाखवली. २७ गुणिले १२०. त्याने मान हलवली, "म्हणजे इमानाला बी दुपारी धाप लागती." याहून नेमकी व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

त्या दिवशी उगवतीला वळीव भरून आला होता. ढग उभा वाढलेला, माथा पसरट, बुडाशी काळा. मेटच्या पुस्तकात असल्या ढगाच्या तीन अवस्था आहेत: आधी सगळं वारं वर जातं, मग पाऊस धरला की त्याच्यासोबत गार वारं खाली कोसळतं, शेवटी नुसतं कोसळणंच उरतं. जमिनीला आपटलेलं ते गार वारं चहूकडे पसरतं, पावसाच्याही पुढे धावतं. त्याला 'गस्ट फ्रंट' म्हणतात. मी हे सांगत होतो आणि एक शिकाऊ विमान २६ वर उतरायला पलीकडून येत होतं. तोंड पश्चिमेकडे, वारा समोरून.

मामाने मला मध्येच थांबवलं. गोठ्यावरचं प्लास्टिक उलट्या बाजूने फडफडायला लागलं होतं.

"गार लागालंय. वारं फिरलं बघ."

मी धावपट्टीकडे पाहिलं. विमान उतरता उतरता इंजिनाचा आवाज चढला, चाकं टेकवलीच नाहीत त्यानं. आमच्या डोक्यावरून, नारळाच्या बऱ्याच वरून, ते चढत गेलं. मग शहराच्या अंगाला लांब वळसा घालून ०८ वर उतरायला उलट्या बाजूने आलं. चाकं टेकली आणि पाचेक मिनिटांत पहिले टपोरे थेंब बांधावर पडले. मामा तोवर वैरणीवर ताडपत्री टाकायला धावला होता, आणि पुस्तक बांधावर ठेवून मीही त्याच्या मागे.